जाताना साडेपाच तास, येताना साडेतेरा

चतुर्थीच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकींकडे माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, बांधायला हात लावावा म्हणून गेलो, तर काकी मोबाईल घेऊन ओट्यावरच उभ्या. मुलगा लंडनहून येत होता. तिकिटाचा फोटो बोटांनी मोठा करून त्यांनी माझ्यापुढे धरला.

"तू तिकिटांच्या धंद्यातला ना रे? मग हे सांग. मे महिन्यात तो इथून दुपारी एकला सुटला आणि संध्याकाळी साडेसहाला तिथे उतरला. साडेपाच तास. आता येताना रात्री आठला बसणार आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मोपाच्या विमानतळावर. साडेतेरा तास! रस्ता तोच, मग येताना हे विमान कुठे हिंडत बसतं?"

ही गोष्ट गोव्याहून लंडनला थेट विमान होतं तेव्हाची. हिशेब सोपा पडावा म्हणून वेळा मी इथे पूर्णांकात घेतल्या आहेत. म्हापशातल्या आमच्या दुकानात हा प्रश्न या ना त्या रूपात रोज येतो, आणि बहुतेक वेळा आम्ही "दहा तास धरून चला" म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. त्या दिवशी मात्र मागे दुकान नव्हतं आणि पुढे काकी होत्या.

आधी घड्याळाचं निस्तरू. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. सुटण्याची गोव्याची, उतरण्याची लंडनची. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच, कारण तिकडे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं सरकवतात. मे आणि सप्टेंबर दोन्ही उन्हाळ्यातच मोडतात. पश्चिमेला जाताना तिकिटावरच्या फरकात साडेचार मिळवायचे, परत येताना वजा करायचे. साडेपाच अधिक साडेचार म्हणजे दहा. साडेतेरा उणे साडेचार म्हणजे नऊ. विमान येताना हिंडत नव्हतं, उलट तासभर लवकरच पोचत होतं.

(हिवाळ्यात लंडनची वेळ बघायची एक जुनी युक्ती आहे. काट्यांचं घड्याळ मनगटावर उलटं फिरवा. आपले बारा वाजलेले असतील तर काटे साडेसहा दाखवतात, आणि तिथे खरंच सकाळचे साडेसहा झालेले असतात. साडेपाच तासांच्या फरकाचा हा योगायोग आहे, उन्हाळ्यात चालत नाही.)

काकींचं समाधान झालं असतं, पण झोपाळ्यावर त्यांचे दीर बसले होते. भाऊंनी उमेदीची सगळी वर्षं बोटीवर काढली. आमच्याकडे अशा माणसाला तारवटी म्हणतात, आणि तारवट्यापुढे अंतराची गोष्ट काढली की ती अर्ध्यावर सोडता येत नाही. "तासाभराचा फरक का ते सांग ना," ते म्हणाले. "आणि आधी अंतर किती ते सांग."

माटोळीला बांधायची फळं सुपात होती. त्यातलं एक गोल गरगरीत पपनस, म्हणजे आमचं तोरंजन, मी उचललं. एक लवंग गोव्याच्या जागी टोचली, एक लंडनच्या. दोन्हींच्या मध्ये दोरा ताणला. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो, आणि विमानाचं 'अंतर' म्हणून जो आकडा छापतात तो या दोऱ्याचा. मोजायची रीत भाऊंनीच सांगितली. पृथ्वीच्या पोटात मधोमध उभं राहून एका बोटाने गोवा दाखवायचा, दुसऱ्याने लंडन. दोन बोटांतला कोन साधारण सव्वाअडुसष्ट अंश भरतो. एका अंशाचे साठ सागरी मैल आणि एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, तेव्हा एक अंश झाला १११ किलोमीटरचा. गुणाकार केला की सुमारे ७,६०० किलोमीटर येतात. बोट असो की विमान, हा हिशेब बदलत नाही, म्हणून तर विमानवालेही अजून सागरी मैल आणि नॉट, म्हणजे ताशी सागरी मैल, हेच वापरतात.

हा दोरा कुठून जातो ते मात्र बघण्यासारखं आहे. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशावर गोवा ते लंडन पट्टी ठेवली तर रेघ दुबईच्या आसपासून, इराक-सीरियावरून जाते. तोरंजनावरचा दोरा तसा जात नाही. तो गोव्याहून वायव्येला अरबी समुद्रात शिरतो, बलुचिस्तानचा मकरान किनारा ओलांडतो, मग इराण, आर्मेनिया, काळा समुद्र, स्लोव्हाकिया, जर्मनी करत लंडनला पोचतो. पट्टीची वाट सुमारे २०० किलोमीटरने लांब पडते. चूक पट्टीची नाही. गोल सालीचा सपाट कागद करताना उत्तरेकडचा भाग ताणला जातो, म्हणून जवळची वाट नकाशावर वाकडी दिसते. अंतर वाढत जातं तसा हा फरकही वाढतो. मुंबई ते न्यूयॉर्क दोऱ्याने सुमारे १२,५०० किलोमीटर, पट्टीने १४,२०० च्या घरात. म्हणून न्यूयॉर्कला जाणाऱ्याच्या सीटपुढच्या पडद्यावर विमान स्कँडिनेव्हिया, आइसलँड असं वर चढताना दिसतं आणि लोक घरी फोन करून "खूप फिरवून नेलं" म्हणतात. फिरवून नाही हो, तीच जवळची वाट आहे.

"पण विमान वरून जातं, मग अंतर वाढत असणार," काकी म्हणाल्या. प्रश्न चांगला आहे. अकरा किलोमीटर उंचीवर गेलं की वर्तुळ मोठं होतं खरं, पण पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे, तिच्यापुढे अकरा म्हणजे काहीच नाही. लंडनपर्यंत सगळी मिळून तेरा किलोमीटरची वाढ. पेडण्याहून म्हापसाही यापेक्षा लांब आहे.

मधे थांबणाऱ्या विमानांबद्दलही इथेच सांगून टाकतो, कारण गिऱ्हाइकाचा सर्वांत मोठा गैरसमज तिथे असतो. मुंबईला उतरून गेलं तर गोवा ते लंडन अंतर फक्त चाळीस-पन्नास किलोमीटरने वाढतं, कारण मुंबई जवळजवळ दोऱ्यावरच आहे. दोहामार्गे सुमारे २०० ने वाढतं, दिल्लीमार्गे सहाशेहून जास्त. म्हणजे आखाती विमानाने गेलात तर जास्तीची उड्डाणाची वेळ पंधरा मिनिटं. तरी तिकिटावर चौदा-पंधरा तास का दिसतात? ते विमानतळावरच्या बाकड्यावर बसायचे तास असतात. दोन तिकिटांची तुलना करताना किलोमीटर बघूच नका, मधला थांबा बघा.

आता वारा. इथे भाऊ झोपाळ्यावरून खाली उतरले.

मांडवी नदीत होडी घाला. वल्हवून ताशी ६ किलोमीटर जाता, पाण्याची ओढ २ ची. बारा किलोमीटर प्रवाहाबरोबर गेलात तर वेग ८, वेळ दीड तास. उलट आलात तर वेग ४, वेळ तीन तास. विमानाचंही हेच आहे, फक्त त्याची नदी हवेची. प्रवासी जेट विमान हवेतून ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातं. जमिनीवरून बघणाऱ्याला मात्र वेग दिसतो तो ९०० अधिक किंवा उणे वारा. एक गंमत पाहा. येताना वाचलेला वेळ जाताना गेलेल्या वेळाची भरपाई करतो असं वाटतं, पण करत नाही. मांडवीत ओढ नसती तर जाऊन-येऊन चार तास लागले असते, ओढीमुळे साडेचार लागले. उलट्या प्रवाहात तुम्ही जास्त वेळ अडकता, म्हणून तो जास्त खातो.

भाऊंचा दाखला याहून सरस होता. ज्याच्या नावाच्या गावाला खेटून दाबोळीचा विमानतळ आहे, त्या वास्को द गामाचा. १४९८ साली तो आफ्रिकेच्या मालिंदीहून २४ एप्रिलला निघाला आणि २० मेला कालिकतजवळ पोचला. चार आठवडेही लागले नाहीत, कारण पावसाळ्याआधीचा वारा पाठीशी होता. परतताना ऑक्टोबरच्या सुरुवातीला कारवारसमोरच्या अंजदीव बेटावरून शिडं उभारली, आणि मालिंदी गाठेपर्यंत १४९९ चा जानेवारी उजाडला. तोच समुद्र, तीच गलबतं, पण तीन महिने. वाटेत बरेच खलाशी आजारपणाने गेले. "अरबांना वाऱ्याचं वेळापत्रक पाठ होतं," भाऊ म्हणाले, "याला नव्हतं."

वरच्या हवेलाही असंच वेळापत्रक आहे. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकी जिथे विमानं उडतात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान हवेचे पट्टे आहेत. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. वेग ताशी शंभर ते दोनशे किलोमीटर सहज, कधी त्याच्या दुप्पटही. १९२० च्या दशकात जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून हा वारा मोजला, आणि जगाने वाचावं म्हणून अहवाल एस्परांतो या सगळ्या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत लिहिला. त्यामुळे तो फारसा कुणी वाचला नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या दिवसांत हाच पट्टा असा सुटला होता की ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, तरी ध्वनीचा वेग त्याने ओलांडला नव्हता. होडी नेहमीसारखीच होती, नदीला पूर होता.

काकींच्या मुलाचा हिशेब आता मांडता येतो. सरळ दोऱ्यावरून कुठलंच विमान जात नाही, हवाई मार्ग ठरलेले असतात, तेव्हा ७,६०० चे ८,००० किलोमीटर धरू. सबंध वाटेवरचा सरासरी वारा ताशी ६० धरू. जाताना वेग ८४०, म्हणजे साडेनऊ तास. येताना ९६०, म्हणजे आठ तास वीस मिनिटं. वर चढताना-उतरताना विमान हळू असतं, जमिनीवर रांगत जावं लागतं, त्याचा दोन्हीकडे अर्धा-पाऊण तास. झाले दहा आणि नऊ.

"म्हणजे पृथ्वी फिरते म्हणून नाही?" हा प्रश्न काकींच्या पुतण्याचा, अकरावी सायन्स. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तर पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली लंडन स्वतःहून सरकत यायला हवं, असं त्याचं म्हणणं. गोव्याची जमीन त्या फिरण्यामुळे ताशी १,६०० किलोमीटर वेगाने पूर्वेला पळते हे खरं. पण तिच्याबरोबर हवाही पळते आणि धावपट्टीवरचं विमानही. मांडवी एक्स्प्रेसमध्ये शेंगदाणा वर उडवा, तो तुमच्याच हातात पडतो, मागच्या डब्यात जात नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, पण आडून. विषुववृत्ताकडची तापलेली हवा वर चढून ध्रुवांकडे निघते आणि या फिरण्यामुळे पूर्वेला वळते. त्यातून जेट प्रवाह होतात, आणि विमानाला लागतो तो वारा.

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून न्यायला सुरुवात केली. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने लांबली, १५,३०० च्या घरात गेली, आणि वेळ साडेचौदा तासांवर उतरली, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी. तेव्हाही बऱ्याच बातम्यांनी श्रेय पृथ्वीच्या फिरण्याला दिलं होतं. पुतण्या एकटा नाही.

आपल्या डोक्यावरच्या वाऱ्यात आणखी एक खुबी आहे, आणि ती मला स्वतःला फार आवडते. ऐन पावसाळ्यात दक्षिण भारतावर अगदी वरच्या थरात वारा उलटा, पूर्वेकडून पश्चिमेला धावतो. भारतीय हवामान खात्यातले पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली या पौर्वात्य जेट प्रवाहाचं वर्णन केलं. खाली अंगणात पाऊस समुद्राकडून येत असतो आणि त्याच वेळी वर पंधरा किलोमीटरवर हवा समुद्राकडे पळत असते. त्याचा गाभा विमानांच्याही वर असतो, पण खालच्या थरांतही ओढ जाणवते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये गोव्याहून आखाताकडे जाणाऱ्याला वारा आडवा येत नाही, थोडा ढकलतोच. थंडीत चित्र पालटतं. पश्चिमेकडचा जेट प्रवाह दक्षिणेला सरकून उत्तर भारतावर येतो, आणि युरोपला जाणाऱ्या विमानाला तो समोरून झेलावा लागतो. वेळापत्रकं उन्हाळी आणि हिवाळी अशी दोन निघतात, त्यात घड्याळाइतकाच वाऱ्याचाही विचार असतो.

वारा निदान ऋतू पाळतो. सीमा तेवढंही पाळत नाहीत. आपल्या दोऱ्याकडे परत बघा: मकरान म्हणजे पाकिस्तान, पुढे इराण, मग काळा समुद्र आणि क्रिमिया. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. रशियाने युरोपीय कंपन्यांना मज्जाव केल्यावर हेलसिंकी ते टोकियो हा सुमारे नऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला, कारण विमानांना उत्तर ध्रुवाकडून वळसा घ्यावा लागला. आणि काकींच्या त्या चतुर्थीनंतर, एप्रिल २०२५ मध्ये, पाकिस्तानने भारतीय विमानांना आणि भारताने पाकिस्तानी विमानांना आकाश बंद केलं. लवंगा होत्या तिथेच राहिल्या, दोरा मात्र अरबी समुद्रावरून खाली खेचावा लागला. जास्त अंतर म्हणजे जास्त इंधन. त्याचं वजन वाहून न्यायलाही इंधन लागतं, आणि ते सगळं शेवटी भाड्यात येतं.

गोव्याला हे नवीन नाही. १९५५ ते १९६१ या काळात दाबोळीहून पोर्तुगीज वसाहतीची स्वतःची विमान कंपनी उडत होती. भारताने नाकेबंदी केलेली, मुंबई हाकेच्या अंतरावर असून निरुपयोगी. तेव्हा गोव्याच्या विमानाचा बाहेर पडायचा दरवाजा होता कराची.

लांबच्या प्रवासाची ही कथा, आणि जवळच्याची वेगळीच. मुंबई-गोवा सरळ अंतर सव्वाचारशे किलोमीटर. ९०० च्या वेगाने अर्धा तासही लागू नये, तिकिटावर मात्र सव्वा तास किंवा त्याहून थोडं जास्त. भागाकार केला तर ताशी साडेतीनशेच्या आतच. कारण तिकिटावरची वेळ ही हवेतली नसते. विमान जागेवरून हललं की ती सुरू होते आणि उतरून जागेवर थांबलं की संपते. मुंबईत धावपट्टीपर्यंतची रांग, उतरताना आकाशात घिरट्या, हे सगळं त्यात धरलेलं असतं, शिवाय उशीर झालाच तर लाज राहावी म्हणून थोडी शिल्लकही. म्हणून कधी पायलट "आपण वीस मिनिटं लवकर पोचलो" म्हणतो तेव्हा फार टाळ्या वाजवायचं कारण नाही.

आणि घर ते घर हिशेब केला तर विमानाचा वाटा आणखी लहान होतो. जानेवारी २०२३ पासून मोपा सुरू झाल्यावर पेडणेकरांची चैन झाली, काणकोणवाल्याला मात्र तिथे पोचायलाच दोन-अडीच तास लागतात. दाबोळी आणि मोपा सरळ रेषेत चाळीस किलोमीटर, लंडनच्या हिशेबात शून्य, पण चुकीच्या विमानतळावर उभ्या राहिलेल्या माणसाला विचारा. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. दुकानात मी हे लाल पेनाने गोल करून देतो, तरी वर्षाला दोन-तीन जण चुकतातच.

भाऊंनी तोरंजनातल्या लवंगा काढून ते परत सुपात ठेवलं. माटोळीला टोचलेलं फळ चालतं की नाही यावर आत थोडी चर्चा झाली, आणि शेवटी ते मागच्या बाजूला बांधायचं ठरलं.

"ते सगळं राहू दे," हळदीची पानं पुसत काकी म्हणाल्या. "पातोळ्या किती वाजता उकडायला ठेवू?"

साडेनऊला विमान टेकणार. पासपोर्टची रांग, बॅगा, मोपाहून घरापर्यंत पंचवीस मिनिटं.

"साडेदहाला," मी म्हटलं. भाऊ म्हणाले अकरा.